जावेच्या मधपेट्या

यादी माझ्या हातची होती. दहा बायकांची नावं, आणि सगळ्यांत वर माझं. मधमाश्या पाळायला शिकवणारे मास्तर वाडीत आले तेव्हा बैठक माझ्याच अंगणवाडीत भरली. सतरंजी मी अंथरली, चहा मी केला, घरोघर जाऊन बायकांना मीच बोलावलं. त्यामुळे पहिलं नाव माझं असण्यात मला काही वावगं वाटलं नव्हतं.

नव्वद सालानंतरची दोन-तीन वर्षं असतील. आमची वाडी अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याच्या धरणाच्याही वर, जिथे डांबरी रस्ता संपतो आणि पायवाट लागते तिथे. नगर जिल्हा म्हटला की लोकांना शिर्डी आठवते, साखर कारखाने आठवतात, पुणतांब्याकडची गोदाकाठची काळी जमीन आठवते. आमच्याकडे यातलं काहीच नाही. डोंगर, जंगल, चार महिने कोसळणारा पाऊस, आणि भात, नाचणी, वरई. भात घरात आला की निम्मी वाडी दाराला कडी लावून नारायणगावच्या बाजूला मजुरीला उतरायची. मागे राहिलेली माणसं उन्हाळ्यात हिरडा वेचायची. जंगलात मध होता, पण तो काढायची रीत एकच. झाडाखाली जाळ करायचा, माश्या होरपळून पडल्या की पोळं तोडायचं आणि पिल्लांसकट हाताने पिळायचं. पुढच्या वर्षी त्या झाडावर माश्या येतील की नाही, याचा विचार कोणी करत नव्हतं.

मास्तर नेमकं तेच सांगायला आले होते. सातारच्या बाजूचा उंच, सावळा माणूस. कुठल्याशा संस्थेने त्यांना पाठवलं होतं. ते म्हणाले, झाडाच्या ढोलीत राहणारी सातेरी माशी लाकडी पेटीत राहते. मध काढला तरी पिल्लं जगतात, माश्या जगतात, आणि दर वर्षी मध मिळतो. जंगल राखलं तर फुलं राहतात, फुलं राहिली तर पोट भरतं. मग त्यांनी माझी यादी हातात घेतली.

"यातल्या पाच जणींनाच पेट्या देता येतील," ते म्हणाले. "एका घरातून एकच बाई. आणि ज्यांना आधीच काही मानधन मिळतं त्यांना नको. ज्यांना मजुरीला जावं लागतं त्यांना आधी." त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि सगळ्यांसमोर माझ्या नावावर आडवी रेघ मारली. वाईट हेतू नव्हता त्यांचा. वर हसून म्हणाले, "बाई, तुमच्या घरातून दुसरं कोणी आहे का?"

मी काही बोलायच्या आत मागून सासूबाईंचा आवाज आला, "धाकटीला घ्या की सायेब. तिचा बाप कड्यावरचं आग्या मोहोळ काढायचा."

धाकटी म्हणजे माझी जाऊ. दाराशी उभी होती, कडेवर मुलगी. तिने सगळ्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली आणि कागदावर तिचं नाव लिहिलं.

वाडीत दहावी झालेली मी एकटीच बाई होते. कोणाचं टपाल आलं, तलाठ्याची नोटीस आली, दवाखान्याची चिठ्ठी आली, की लोक माझ्या दारात यायचे. नवऱ्यालाही त्याचा अभिमान होता. आणि ही जाऊ, माझ्याहून पाच-सहा वर्षांनी लहान, कड्याखालच्या खोऱ्यातून आलेली, अंगठा उठवणारी. माझ्यासमोर मोठ्याने बोलायची नाही. मला 'आक्का' म्हणायची. मी तिला काम सांगायचे, ती करायची. आमचं बरं चाललं होतं, असं मला तरी वाटायचं.

मास्तर आठ दिवस वाडीत राहिले. तिसऱ्या दिवशी त्यांनी जांभळाच्या ढोलीतलं मोहोळ पेटीत कसं घ्यायचं ते दाखवलं. मला ते शिकवणार नव्हते, पण बघायला बंदी नव्हती. हातातल्या छोट्या धुराड्यातून थोडा धूर सोडला, ढोलीचं तोंड मोठं केलं, आणि आतली पोळी एकेक कापून लाकडी चौकटीत केळीच्या सोपटाने बांधली. माश्या सगळीकडे उडायला लागल्या तशा बायका पदर तोंडावर घेऊन मागे सरल्या. मीही सरले. मास्तर म्हणाले, "आता हाताने माश्या उचलून पेटीत ठेवायच्या. राणी सापडली की बाकीच्या आपोआप येतात. कोण पुढे येतं?"

जाऊ पुढे गेली. सुपातल्या तांदळात हात घालावा तसा तिने ढोलीत हात घातला. कोपरापर्यंत. माश्यांचा झुबका तिच्या हातावर चढला आणि ती हळूच हात बाहेर काढून पेटीपाशी बसली. दोनदा-तीनदा असं केल्यावर म्हणाली, "ही बगा. लांबट हाय. हीच ना राणी?"

मास्तर वाकून बघत राहिले. "मला शोधायला अर्धा तास लागतो," ते म्हणाले. "तुम्ही कुठे शिकलात?"

"शिकले न्हाई. बाकीच्या तिला वाट देत हुत्या, म्हनून कळलं."

सगळ्या हसल्या. कौतुकाने हसल्या. मीही हसले, पण छातीत काहीतरी तापल्यासारखं झालं. दहा वर्षं त्या वाडीत मी बोलत होते आणि लोक ऐकत होते. त्या दिवशी पहिल्यांदा ती बोलली आणि लोकांनी ऐकलं.

पहिल्या वर्षी तिला दोन पेट्या मिळाल्या. दुसऱ्या वर्षी चार झाल्या, तिसऱ्या वर्षी सात. घरामागच्या उतारावर, आंब्याच्या सावलीत, तिने त्या ओळीने मांडल्या. मुंग्या चढू नयेत म्हणून प्रत्येक पेटीच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या. ती सकाळी भाकरी थापायच्या आधी जाऊन वाट्यांत पाणी घालायची. पावसाळ्यात साखरेचा पाक करून द्यायची. खुरासणीच्या पिवळ्या फुलांवर माश्या गेल्या की तिला कळायचं, मार्चात जांभूळ फुललं की कळायचं. वैशाखात मध निघायचा. मास्तरांनी वाडीला एक पत्र्याचं यंत्र दिलं होतं. त्यात चौकटी उभ्या करून दांडा फिरवला की मध खाली उतरायचा आणि पोळं शाबूत राहायचं. तो मध शिर्डीला एका दुकानात जायला लागला.

आणि त्या वर्षी दीर-जाऊ नारायणगावला गेले नाहीत. हे मला सगळ्यांत जास्त झोंबलं, हे आज लिहायला हरकत नाही. वाईट वाटायचं काही कारण होतं का? त्यांची मुलगी बारा महिने माझ्या अंगणवाडीत आली, पुढे शाळेत गेली. माझ्याच हजेरीपटावर तिची हजेरी पूर्ण भरली. मी ती हजेरी रोज लिहायचे आणि रोज मनात म्हणायचे, हे सगळं माझ्या नावावर रेघ मारली म्हणून झालंय.

मी तिच्या चुका शोधायला लागले. ती मधाच्या बाटलीचं झाकण नीट लावायची नाही, मी चारचौघांत बोलून दाखवायचे. कोणी म्हणालं की तुमच्या धाकटीचा मध फार चांगला, तर मी म्हणायचे, "पेट्या फुकटच्या आहेत ना." एकदा नवरा म्हणाला, "तुला मध आवडत नाही का गं आताशा?" खरंच, तिने आणून ठेवलेली वाटी मी तशीच ठेवायचे. मुंग्या लागायच्या, मग मी ती वाटी घासून परत करायचे. तिने कधी विचारलं नाही.

मग ती गोष्ट घडली.

पावसाळा संपत आला होता. तालुक्याहून मोठ्या बाई अंगणवाडी बघायला येणार असा निरोप महिनाभर आधी आला. मी भिंती सारवल्या, तक्ते काढले, पोरांना दोन गाणी बसवली. प्रत्येकाला हात धुवायला शिकवलं. त्या दिवशी पोरं सकाळपासून तेल लावून, भांग पाडून बसली होती. बाई दुपारी आल्या. सोबत आणखी दोघं. दारात उभं राहून त्यांनी तक्त्यांकडे नजर टाकली, पोरांनी गाणं सुरू केलं. पहिलं कडवं व्हायच्या आत त्यांच्या सोबतचा माणूस म्हणाला, "मॅडम, इथे एक बाई मधमाश्या पाळते म्हणतात. हाताने उचलते."

"खरं की काय?" बाई म्हणाल्या. आणि त्या गेल्या. सगळी वाडी त्यांच्या मागे गेली. पोरंही उठून पळाली. मी रिकाम्या खोलीत उभी. उतारावरून हसण्याचे आवाज येत होते. तासाभराने बाई परत आल्या त्या फक्त चपला झटकायला. मला म्हणाल्या, "तुमच्या जाऊबाई ना त्या? कमाल आहे हो. छान. चालू द्या." वहीवर सही केली आणि निघाल्या. दुसरं गाणं ऐकायचं राहूनच गेलं.

दोन दिवसांनी पोस्टमन आला. वाडीचं सगळं टपाल तो अंगणवाडीत देऊन जायचा. त्यात एक कार्ड होतं, मास्तरांचं, जावेच्या नावावर. मी वाचलं. मला ते अजून जवळजवळ पाठ आहे. लिहिलं होतं की घाटाच्या दक्षिणेला सातेरी माश्यांत रोग आला आहे, पिल्लं पाणी होऊन मरतात. रानातून नवं मोहोळ सध्या आणू नका. पेट्या एकमेकींपासून लांब ठेवा. एका पेटीतली चौकट दुसरीत घालू नका. मेलेली पिल्लं दिसली तर ते पोळं जाळा. शेवटी लिहिलं होतं, 'आक्कांना नमस्कार सांगा, त्या वाचून दाखवतीलच.'

मी ते कार्ड पोषण आहाराच्या रजिस्टरमध्ये ठेवलं. फेकलं नाही, फाडलं नाही. उद्या सांगू, असं स्वतःला म्हटलं. उद्या मी सांगितलं नाही. परवाही नाही. मनात असं काही नव्हतं की तिच्या माश्या मराव्यात. खरंच नव्हतं. एवढंच होतं की एकदा तरी तिला माझ्यावाचून अडावं.

चौथ्या-पाचव्या दिवशी ती डोक्यावर टोपली घेऊन ओढ्याकडून वर येताना दिसली. टोपलीवर ओलं फडकं. मला बघून थांबली, तिचा चेहरा घामाने चमकत होता. म्हणाली, "आक्का, लई मोठं मोहोळ गावलं. जुन्या आईनाच्या झाडाच्या ढोलीत. आठवी पेटी भरंल आता."

त्या वेळी मला सांगता आलं असतं. ते टोपलं दहा पावलांवर होतं. पण सांगायचं तर कार्ड इतके दिवस का ठेवलं, हेही सांगावं लागलं असतं. मी म्हणाले, "जप, चावतील," आणि घरात गेले.

पंधरा-वीस दिवसांनी, कार्तिकात, मी पाणी भरायला निघाले तर ती उतारावर पेट्यांपाशी मांडी घालून बसलेली. मांडीवर चौकट. बाभळीच्या काट्याने पोळ्याच्या एकेका घरातून काहीतरी काढून तळहातावर ठेवत होती. मी जवळ गेले. तळहातावर बारीक बारीक पांढुरक्या पिशव्या होत्या. काटा लागला की फुटायच्या आणि त्यातून पाणी निघायचं.

"ही बगा आक्का," ती म्हणाली. "बाळं पानी झाल्यात." मग काटा खाली ठेवून, "मी काय चुकले?"

मी हंडा तिथेच ठेवून अंगणवाडीत गेले, रजिस्टरमधलं कार्ड काढलं आणि धावत परत आले. "हे बघ, मास्तरांचं पत्र आलंय," मी म्हणाले. "आजच आलं." आणि मी तिला ते वाचून दाखवलं. पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत. मला सांगितलेला नमस्कारसुद्धा.

ती ऐकत होती. मान वर करून तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, मग कार्डाकडे पाहिलं. उठली, रोगट पोळी गोळा केली आणि खाचरात नेऊन जाळली. मेणाचा गोड वास दिवसभर वाडीत होता.

उपयोग झाला नाही. एकेक पेटी रिकामी होत गेली. पिल्लं मेली की माश्या कमी व्हायच्या, मग एखाद्या सकाळी उरलेल्या सगळ्या उडून जायच्या. आईनावरून आणलेलं मोहोळ आधी गेलं, मग त्याच्या शेजारचं, मग त्याच्या शेजारचं. माघ संपेपर्यंत आंब्याखालच्या ओळीत एकही माशी राहिली नाही. वाडीतल्या इतर चौघींच्या पेट्याही गेल्या. फक्त जावेचीच एक पेटी वाचली. ती तिने आधीच शेताच्या पार टोकाला, करवंदीच्या जाळीमागे नेऊन ठेवली होती, कारण त्यातल्या माश्या तापट होत्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना चावायच्या. पेट्या लांब लांब ठेवा, हेच कार्डात लिहिलं होतं. मला ती पेटी बघवत नसे.

शिमग्याच्या आधी दीर-जाऊ नारायणगावला निघाले. दोन वर्षांनी पहिल्यांदा. ती चुलीची राख काढत होती, मी दारात उभी होते. मुलगी दप्तर पाठीला लावून आली होती. जावेने ते दप्तर काढून घेतलं आणि खुंटीला टांगलं. मुलगी रडली. "तिकडं साळा न्हाई का?" तिने विचारलं. मी म्हणाले, "तिला माझ्याकडे ठेव. मी बघते."

"नको," जाऊ म्हणाली. एवढंच. आजवर तिने मला कशालाही नको म्हटलं नव्हतं.

ते तीन महिने मी कसे काढले ते मला नीट आठवत नाही. एवढं आठवतं की शेताच्या टोकाच्या त्या एकुलत्या पेटीला पाणी घालायचं काम सासूबाईंनी माझ्यावर सोपवलं. मी रोज जायचे. त्या तापट माश्या मला रोज चावायच्या. एकदा डोळ्याखाली चावली आणि अर्धा चेहरा सुजला. पोरं मला बघून हसली. मला त्या सुजेचं बरं वाटलं, हे विचित्र आहे, पण वाटलं. शिवरात्रीनंतरच्या उन्हात ओढा आटला तेव्हा मी खालच्या डोहातून पाणी आणून त्या वाट्या भरल्या. झाकण मात्र कधी उघडलं नाही. तो अधिकार मला नव्हता.

पावसाच्या तोंडावर ते परत आले. जाऊ काळवंडली होती, हाताला टोमॅटोच्या पिकाचे चरे. पिशवी ओसरीवर टाकून ती आधी शेताच्या टोकाला गेली. मी मागोमाग गेले. तिने झाकण उघडलं, चौकट उचलून उजेडात धरली. माश्या भरपूर होत्या. तिने हळूच चौकट खाली ठेवली.

मी म्हणाले, "ते कार्ड मी तीन आठवडे आधीच वाचलं होतं. तू आईनाचं मोहोळ आणलंस त्याच्या आधी."

तिने झाकण लावलं. वर दगड ठेवला.

"ठाऊक हाय," ती म्हणाली. "पोस्टमननं सांगितलं हुतं मला, मास्तरांचं कारड आलंय म्हनून. वाटेत भेटला हुता. मला वाटलं, आक्का सांगतील. मी रोज वाट बगत हुते. मग वाटलं, काय लिवलं नसंल म्हत्त्वाचं, म्हनून सांगत न्हाईत." तिने दगड नीट बसवला. "तुमी आजच आलं म्हनालात ना, तवा मला कळलं."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? तुमी मोठ्या."

मी रडायला लागले. तिने मला समजावलं नाही. करवंदीच्या जाळीपाशी बसून राहिली. मग म्हणाली, "आक्का, मला वाचायला शिकवा. परत कुनाच्या तोंडाकडं बगायला लागू नये."

आषाढात आम्ही सुरुवात केली. दुपारी पोरं घरी गेली की ती अंगणवाडीत यायची, पाटी घेऊन. मी बाराखडीचा तक्ता काढला. पहिल्याच दिवशी ती म्हणाली, "तक्ता नको. ते कारड हाय का अजून? त्यावरनंच शिकते."

मी नाही म्हणू शकले नाही. पाऊस पत्र्यावर वाजत असायचा आणि ती ते कार्ड समोर धरून एकेक अक्षर जोडायची. 'रा-ना-तू-न.' मी सांगायचे, बरोबर. 'न-वं.' बरोबर. 'मो-हो-ळ.' मधे थांबून ती वर बघायची, मी दुसरीकडे बघायचे. एका ओळीला तीन-चार दिवस लागायचे. 'आक्कांना नमस्कार सांगा' या ओळीपर्यंत यायला श्रावण उजाडला. ती ओळ तिने दोनदा वाचली, सावकाश, बोट ठेवून. त्यानंतर तिने कार्ड बाजूला ठेवलं आणि म्हणाली, "आता तक्ता काढा."

दुसऱ्या कोणत्याही शिक्षेला मी त्या दोन महिन्यांइतकी घाबरले नसते. आणि तरीही, खरं सांगते, ती भरभर शिकायला लागली तेव्हा परत तोच जुना जाळ मला जाणवला. पोरांना वर्ष लागतं ते तिला दिवाळीपर्यंत आलं. वाडीत वाचणारी मी एकटी होते, तेही गेलं.

मास्तर पुढच्या हिवाळ्यात आले. मी त्यांना एकटं गाठून विचारलं, कार्ड वेळेवर मिळालं असतं तर पेट्या वाचल्या असत्या का? त्यांनी का विचारता म्हणून विचारलं नाही. म्हणाले, "रोग सगळीकडे आला, बाई. सातारकडे शेकड्याने पेट्या गेल्या. इथेही आलाच असता."

"पण एखादी?"

त्यांनी शेताच्या टोकाकडे पाहिलं. "दोन-तीन वाचल्या असत्या कदाचित. सांगता येत नाही." त्याहून जास्त मला कोणी काही सांगू शकलं नाही.

त्या वाचलेल्या एका पेटीपासून जावेने पुन्हा सुरुवात केली. चांगल्या, भरलेल्या पेटीतल्या निम्म्या चौकटी नव्या पेटीत घालायच्या, तिथे माश्या स्वतः नवी राणी करतात. रानातल्या ढोल्यांतूनही ती मोहोळं आणायची, पण आधी महिनाभर ओढ्यापलीकडे एकटी ठेवून बघायची. रोग पुन्हा दोनदा आला, पण कमी कमी. ज्या माश्या टिकल्या त्या तिखट होत्या, म्हणून ती म्हणायची, तापट माशीच आपली. पाच वर्षांनी वाडीत सहा-सात घरांत पेट्या होत्या आणि जंगलात जाळ करून मध काढणं जवळपास थांबलं होतं. कोणी ढोलीला धूर लावताना दिसला तर बायकाच भांडायला जायच्या. त्याच सुमारास डोंगरावरची कारवी फुलली. ती सात-आठ वर्षांतून एकदाच फुलते, आणि त्या वर्षी सगळा कडा जांभळा झाला. खालच्या गावांतल्या बायका पेट्या बघायला चालत आल्या. जाऊ त्यांच्यासमोर उभी राहून बोलत होती, हाताने माश्या दाखवत होती, आणि मी सतरंजीच्या मागच्या कडेला बसून ऐकत होते.

एकदा तिनेच मला एक पेटी दिली. म्हणाली, "तुमची म्हनून ठेवा." मी ती घरामागे मांडली. वाट्यांत पाणी, पावसाळ्यात पाक, सगळं तिच्यासारखं केलं. दोन महिन्यांनी एका सकाळी माश्या उठल्या आणि निघून गेल्या. मी तिला सांगायला गेले, तर ती हसली. खूप वर्षांनी ती माझ्यावर हसली, आणि त्यात वैर नव्हतं. "तुमी सारखं झाकन उघडून बगत असाल," ती म्हणाली. खरंच होतं. मला सारखं बघावंसं वाटायचं की राणी आहे ना.

मी दुसऱ्यांदा पेटी मागितली नाही. हेवा गेला असं मी म्हणणार नाही. कोणी तिचं नाव घेतलं की आजही मी कान देऊन ऐकते, आणि माझं नाव येतंय का याची वाट बघते. पण वैशाखात मध काढायच्या दिवशी ती मला बोलावते. ती चौकटीवरचं मेणाचं झाकण सुरीने उतरवते, यंत्रात उभी करते, आणि मी दांडा फिरवते. कारवीच्या वर्षीचा मध दाट होता, दांडा जड जात होता. मी जोर लावला.

"हळू, आक्का," ती चौकट सोलता सोलता म्हणाली. "पोळं मोडंल. ते त्यांना परत द्यायचंय."

मी हात हलका केला आणि फिरवत राहिले.